सेंबुंगानला दोन रात्री: जावाच्या उंचावरच्या गावी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दिएंगच्या पठारावर जाणारे बरेच प्रवासी मध्यरात्री योग्याकार्ताहून गाडीत बसतात आणि पहाटे सिकुनीरच्या टेकडीवर धापा टाकत चढतात. सूर्य उगवला की फोटो काढायचे, दोन देवळे आणि एक गंधकाचे विवर उरकायचे आणि संध्याकाळी पुन्हा शहरात. ज्या गावातून आपण टेकडी चढलो त्याचे नाव विचारले तर त्यांना आठवत नाही. ते गाव म्हणजे सेंबुंगान.

मध्य जावातल्या वोनोसोबो जिल्ह्यात, केजाजार तालुक्यात हे गाव आहे. उंची सुमारे २,३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर जास्त. जावा बेटावरचे सर्वांत उंच गाव अशी त्याची ओळख आहे. एका बाजूला तलागा चेबोंग नावाचे तळे, भोवती बटाट्याचे मळे आणि मध्ये एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. इथे निदान दोन रात्री राहावे असे माझे ठाम मत आहे. पठार समजायला पहाटेच्या गर्दीनंतरचे तास लागतात आणि ते फक्त गावात मुक्काम करणाऱ्याला मिळतात.

आधी तारीख ठरवा

मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाऊस असतो, दुपारनंतर धुके उतरते आणि डोंगरातल्या रस्त्यावर दरडी कोसळतात. आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला मेचा उत्तरार्ध चांगला. जुलै-ऑगस्ट हे आकाश सर्वांत स्वच्छ असण्याचे महिने, पण थंडीही तेव्हाच सर्वांत कडक. काही पहाटे पारा शून्याखाली जातो आणि पठारावरच्या जुन्या अर्जुन मंदिरांपुढचे गवत पांढरे होते. त्या हिमाला तिथले लोक ‘बुन उपास’ म्हणतात, म्हणजे विषारी दव. शहरातून येणाऱ्यांना ते बघायची हौस असते. मात्र त्याच रात्री बटाट्याची पाने करपतात आणि कुणाचे तरी पीक जाते. दव पडले म्हणून शेतकऱ्यासमोर आनंदाने ओरडू नका.

दोन काळ टाळा. रमजान ईद, म्हणजे तिथली लेबारान, आणि तिच्या मागचा-पुढचा आठवडा, कारण तेव्हा अर्धा देश रस्त्यावर असतो. दुसरे म्हणजे शनिवार-रविवारची पहाट. सोमवार ते गुरुवारमध्ये मुक्काम बसवा, सिकुनीरच्या पायऱ्यांवर मोकळा श्वास घेता येईल. रमजानच्या महिन्यात गेलात तर दिवसा खानावळी बंद असतील हे धरून चाला. उपवासाला तिथे ‘पुवासा’ म्हणतात. शब्द आपल्याच ‘उपवासा’चा, पाळणारे मुसलमान. या बेटावर असे पदोपदी भेटेल.

कागदपत्रे आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. शुल्क ५ लाख रुपिया. तो एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. तोच व्हिसा घरून ऑनलाइन काढला तर रांग वाचते. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट हाताशी ठेवा. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ पुन्हा बघा. एजंटच्या संकेतस्थळावर विसंबू नका, दिसायला ती सरकारीच वाटतात.

शून्यांनी गोंधळ होतो. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या थोडे वर, एवढे लक्षात ठेवले की पुरते. रोकड वोनोसोबो शहरातच काढून घ्या. सेंबुंगानमध्ये घरमालकीण, मोटारसायकलवरून नेणारा ओजेकवाला, भजी तळणारी बाई अशा सगळ्यांना सुटे पैसे लागतात.

पोहोचण्याचा रस्ता

मुंबईहून जकार्ता गाठा किंवा क्वालालंपूर, सिंगापूरमार्गे थेट योग्याकार्ता. जकार्ताहून योग्याकार्ताला रेल्वेने साधारण सात तास लागतात. डबे स्वच्छ असतात आणि खिडकीतून भाताची खाचरे दिसत राहतात, त्यामुळे विमानापेक्षा मी रेल्वेच सुचवेन.

योग्याकार्ता ते वोनोसोबोसाठी लोक ‘ट्रॅव्हल’ वापरतात. ट्रॅव्हल म्हणजे आठ-दहा जणांची सामायिक व्हॅन, आदल्या दिवशी फोनवर जागा राखायची. साडेतीन तास धरा. स्वस्तात जायचे तर जोंबोर बसस्थानकावरून मागेलांगची बस आणि तिथून वोनोसोबोची दुसरी. हा रस्ता तेमांगुंगच्या तंबाखूच्या शेतांमधून वर चढत क्लेदुंगच्या खिंडीत येतो. खिंडीच्या एका हाताला सिंदोरो, दुसऱ्या हाताला सुंबिंग. तीन हजार मीटरच्या वरचे दोन जुळे ज्वालामुखी इतक्या जवळून बघायला मिळतात की बसचे हाल विसरायला होतात. बोरोबुदूरचा प्राचीन बौद्ध स्तूप मागेलांगजवळच आहे. ते बघायचे असेल तर जातानाच एक रात्र तिथे काढा, उलटसुलट फेरा वाचतो.

वोनोसोबोहून दिएंग २६ किलोमीटर. छोट्या मायक्रोबस दिवसभर धावतात, भरल्या की सुटतात, तासाभरात वर पोहोचवतात. संध्याकाळ झाली की त्या थांबतात, म्हणून वोनोसोबोला दुपारी तीनच्या आत पोहोचा. दिएंगच्या तिठ्यावरून सेंबुंगान अजून सात-एक किलोमीटर आत आहे. तिथे ठरलेली बससेवा नाही. ओजेक, म्हणजे मोटारसायकलच्या मागे बसून जायचे, किंवा राहण्याचे घर ठरवतानाच मालकाला तिठ्यावर यायला सांगायचे. भाडे बसण्याआधी ठरवा.

योग्याकार्तातून स्कूटर भाड्याने घेऊन येण्याचा मोह अनेकांना होतो. घाट तीव्र आहे, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, बटाट्याचे ट्रक समोरून येतात आणि दुचाकीच्या नोंदीसह आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमाही हात वर करतो. आपल्या घाटांत वर्षानुवर्षे गाडी चालवलेली नसेल तर नकोच.

गावात उतरल्यावर

हॉटेल शोधू नका. घराघरांत दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात, त्यांना होमस्टेच म्हणतात. खोली घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: ‘आयर पानास आदा?’ (गरम पाणी आहे का?) आणि पांघरुणे किती? न्हाणीघरात पाण्याचा हौद आणि त्यात दांड्याचे भांडे असते. बादली-तांब्यावर वाढलेल्या माणसाला काही शिकावे लागत नाही. फक्त हौदात उतरू नका आणि साबणाचे हात त्यात बुडवू नका, ते पाणी सगळ्या घराचे असते.

कपड्यांच्या बाबतीत लोक इथे हमखास चुकतात. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून सुती शर्ट भरतात आणि पहिल्याच रात्री कुडकुडतात. लोकरी टोपी, हातमोजे, जाड मोजे, वारा अडवणारे जाकीट, आतून घालायचे उबदार कपडे हे सगळे घ्या. महाबळेश्वरच्या डिसेंबरचा अंदाज इथे पुरत नाही.

संध्याकाळी खोलीत बसून राहू नका. घरातली माणसे स्वयंपाकघरात चुलीपाशी किंवा कोळशाच्या शेगडीभोवती खांद्यावर लुंगी ओढून बसलेली असतात. जावानीत विस्तवाला ‘गेनी’ म्हणतात, आपला अग्नीच तो. बोलावले तर जा. गोड काळा चहा येईल, तळलेले बटाटे येतील, भाषा येत नसली तरी तासभर सहज जातो. या गावातली माझी सर्वांत चांगली आठवण सूर्योदयाची नाही, या चुलीपुढची आहे.

पहाट

सिकुनीरची वाट तलागा चेबोंगच्या काठावरच्या वाहनतळापासून सुरू होते. चढ जेमतेम किलोमीटरभराचा, बराचसा दगडी पायऱ्यांचा, सवडीने अर्धा-पाऊण तास. दिएंगला राहणारे साडेतीनला उठतात, तुम्ही साडेचारला उठलात तरी चालते. गावात राहण्याचा हा रोखठोक फायदा. विजेरी घ्या. दम लागला तर थांबा, हवा विरळ आहे.

वर पूर्वेला सिंदोरो अगदी समोर, त्यामागे सुंबिंग, आकाश स्वच्छ असेल तर मेर्बाबू आणि मेरापीही. मेरापीतून धूर निघताना दिसला तर घाबरू नका, तो इंडोनेशियातला सर्वांत जागता ज्वालामुखी मानला जातो. सूर्य वर आला की दहा मिनिटांत गर्दी खाली पळते, तुम्ही बसून राहा. खालच्या दरीतले धुके सहा-साडेसहानंतर हलायला लागते, मळ्यांचे पट्टे उघडे पडतात आणि पाठीवर टोपल्या घेतलेली माणसे कामाला निघालेली दिसतात.

उतरल्यावर तळ्याला फेरी मारा. चेबोंग म्हणजे बेडकाचे पिल्लू, तळ्याचा आकार तसा म्हणून हे नाव. ‘तलागा’ हा शब्द संस्कृत तडागातून आलेला, आपले ‘तळे’ही तिथूनच. मळ्यांच्या बांधावरून चाला, सऱ्यांमध्ये पाय घालू नका. बटाट्याने या पठाराला पैसा दिला आणि त्याच बटाट्यासाठी उतारांवरचे जंगल गेले. पावसाळ्यात इथली काळी माती वाहून खाली सेरायू नदीत जाते. गावातल्या जाणत्यांना हे ठाऊक आहे, ते स्वतःहून बोलतातही. पाहुण्याने त्यावर उपदेश करू नये.

ही सेरायू जिथे उगम पावते असे मानतात तो झरा दिएंगच्या वाटेवरच आहे, तुक बीमा लुकार. बीमा म्हणजे पांडवांतला भीम. भीमाशंकरला भीमेचा उगम पाहिलेल्या माणसाला इथे क्षणभर थांबावेसे वाटेल. थांबा, जुन्या दगडी मुखांतून येणारे पाणी गार आणि स्वच्छ आहे.

देवळांसाठी अख्खी सकाळ ठेवा

‘दिएंग’ हे नाव ‘दी ह्यांग’ वरून आले, ह्यांग म्हणजे देवगण किंवा पूर्वज, त्यांची जागा. इथली शैव मंदिरे जावातली सर्वांत जुनी उभी दगडी मंदिरे समजली जातात, सातव्या-आठव्या शतकापासूनची. एके काळी पठारावर पुष्कळ होती, आता आठ उरली आहेत. अर्जुन मंदिराजवळ सापडलेल्या शिलालेखावर वर्ष आहे शके ७३१, म्हणजे इसवी सन ८०९ च्या सुमाराचे. आपल्या पंचांगावर छापलेला शक इथल्या दगडावर कोरलेला आहे, हे वाचल्यावर मी त्या गवतात बराच वेळ बसून होतो.

पुढे हे सगळे विस्मरणात गेले. १८१४ साली युरोपीय प्रवाशांनी बघितली तेव्हा देवळे तळ्याच्या पाण्यात उभी होती, नंतर त्याच शतकात चर खणून पाणी काढले. देवळांची मूळ नावे कुणाला माहीत नाहीत. आजची नावे जावातल्या वायांग म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळातून लोकांनी दिली: अर्जुन, पुंतदेव (युधिष्ठिर), सेंबाद्रा (सुभद्रा), श्रीकांडी (शिखंडी, पण जावात ती स्त्री आहे, धनुर्धारी आणि अर्जुनाची पत्नी), गटोतकाचा, द्वारावती, बीमा. आठवे नाव समार. आपल्या महाभारतात हा शोधू नका. समार हा जावाचा स्वतःचा: पांडवांचा लठ्ठ, विनोदी, शहाणा सेवक, आणि मुळात देव. अर्जुनाच्या देवळासमोर समारचे बैठे देऊळ आहे, जणू धनी आणि सेवक समोरासमोर.

बघायचे कसे? अर्जुन देवळापासून सुरुवात करा. दारावर कीर्तिमुख आहे, तिथे त्याला काला म्हणतात. मग उत्तरेच्या भिंतीकडे जा आणि गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर पडायची वाट, म्हणजे सोमसूत्र, शोधा. सोमसूत्र न ओलांडण्याचा नियम ज्याने घरात ऐकला आहे त्याला इथे काय चालत असेल ते कुणी समजावून सांगायला नको. श्रीकांडीच्या बाहेरच्या भिंतींवर उत्तरेला विष्णू, पूर्वेला शिव, दक्षिणेला ब्रह्मा असे कोरलेले आहेत, झिजले आहेत म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. शेवटी बीमा. हे एकटे, थोडे लांब, सिकिदांग विवराच्या रस्त्यावर. त्याचे शिखर बाकीच्यांपेक्षा वेगळे, उत्तर भारतातल्या, विशेषतः ओडिशातल्या देवळांची आठवण करून देणारे, आणि शिखरावरच्या कोनाड्यांतून माणसांचे चेहरे बाहेर बघतात. सुट्या मूर्ती जवळच्या कैलास संग्रहालयात आहेत, ते वगळू नका.

एक कळकळीची विनंती. ही संरक्षित स्मारके आहेत आणि ज्यांच्या गावात ती आहेत ते लोक मुसलमान असूनही ती जपतात. कुंकू लावणे, नारळ फोडणे, उदबत्ती खोचणे, चौथऱ्यावर चढून फोटो काढणे यातले काहीही करू नका. हात जोडले की पुरे.

विवरे: इथे धाडस नको

कावाह सिकिदांग हे उकळत्या चिखलाचे विवर बघायला सोपे आहे, लाकडी वाट बांधलेली आहे. ‘किदांग’ म्हणजे हरीण. वाफेचे तोंड हरणासारखे जागा बदलत उड्या मारते म्हणून हे नाव, आणि वाट सोडायची नाही याचे कारणही त्यातच. गंधकाचा वास उग्र असतो, रुमाल ओला करून नाकाशी धरा. दम्याचा त्रास असलेल्यांनी लांबूनच बघावे.

वास येणाऱ्या वायूपेक्षा न येणारा घातक. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे सिनिला विवराच्या उद्रेकानंतर पळणारे गावकरी वाटेत कार्बन डायऑक्साइडच्या लोंढ्यात सापडले आणि १४९ माणसे गेली. हा वायू हवेपेक्षा जड असतो, वारा नसलेल्या पहाटे खोलगट जागी साचून राहतो. २०१७ साली सिलेरी विवराच्या अचानक उद्रेकात पर्यटक जखमी झाले होते. म्हणून तिंबांग, सिनिला, सिलेरी या बाजूला जाण्याआधी घरमालकाला विचारा, बंदीची पाटी असेल तर मागे फिरा, आणि आडवाटेच्या खळग्यात विश्रांतीला बसू नका.

पोटापाण्याचे

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने भागत नाही. मिरचीच्या ठेच्यात, म्हणजे सांबालमध्ये, सुकटीचा लगदा असतो, त्याला तेरासी म्हणतात. सूप कोंबडीच्या पाण्यात होते. वाक्य पाठ करा: ‘साया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, तेरासी.’ मी मांस, कोंबडी, मासे, तेरासी खात नाही. अंडे नको असेल तर ‘तलूर’ जोडा.

वोनोसोबोचे प्रसिद्ध ‘मी ओंगक्लोक’, दाट रश्श्यातल्या शेवया, सगळे आग्रहाने खायला सांगतात. त्या रश्श्यात सुकी कोळंबी असते आणि सोबत बहुधा गोमांसाच्या काड्या येतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावे. ‘तेंपे कमूल’ मात्र बिनधास्त मागवा: आंबवलेल्या सोयाबीनची चकती पिठात बुडवून तळलेली. कमूल म्हणजे पांघरूण. या थंडीत ती कढईतून काढल्या काढल्या खावी. भात सगळीकडे मिळतो आणि बटाटा तर दारातलाच.

कारिका हे पठाराचे खास फळ, डोंगरी पपई, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. कच्ची खात नाहीत, पाकात घालून बाटल्यांत विकतात. पुरवाचेंग नावाच्या मुळाचे गरम पेय थंडीवर देतात. रानातले हे रोप आता दुर्मीळ झाले आहे, म्हणून मळ्यातले आहे का ते विचारून घ्या.

बोलणे आणि वागणे

मोठ्या पुरुषाला ‘पाक’, बाईंना ‘बू’, तरुणाला ‘मास’, तरुणीला ‘म्बाक’. नुसत्या नावाने हाक मारणे उद्धट वाटते. कुणासमोरून जाताना किंचित वाकून ‘नुवून सेवू’ म्हणा, ‘माफ करा, जरा जातो’ असा त्याचा अर्थ. आभारासाठी जावानी ‘मातुर नुवून’ म्हटले की चेहरे उजळतात. द्यायचे-घ्यायचे उजव्या हाताने, चपला दाराबाहेर, अंगभर कपडे. हे सगळे आपल्याकडेही आजीने शिकवलेलेच.

शब्द ओळखीचे भेटतात, पण अर्थ तपासून घ्या. ‘हार्गा’ म्हणजे किंमत, आपल्या ‘महाग’मधला अर्घ तोच. ‘देसा’ म्हणजे गाव, देश नाही. आणि ‘संगसारा’ म्हणजे हालअपेष्टा, शब्द संसाराचाच!

गावात केसांच्या जटा झालेली लहान मुले दिसतील. ताप येऊन गेल्यावर केस आपोआप गुंततात असे इथे सांगतात, आणि ही मुले क्याई कोलोदेते या मूळपुरुषाची लाडकी मानतात. मूल स्वतः म्हणेल तेव्हाच जट कापायची आणि त्या वेळी ते मागेल ती वस्तू आईबापांनी द्यायची. केस मग पाण्यात सोडतात. जट म्हटले की आपल्याला देवीला सोडलेल्या मुली आणि त्यांची झालेली परवड आठवते. इथे मूल कुणाला वाहिले जात नाही, जट उतरली की ते इतरांसारखे शाळेत जाते. २०१० पासून दरवर्षी होणाऱ्या दिएंग कल्चर फेस्टिव्हलमध्ये हा विधी अर्जुन मंदिरांपाशी सर्वांसमोर होतो. तो बघायचा तर काही महिने आधी खोली राखा. एरवी अशा मुलाच्या डोक्याला हात लावू नका आणि आईला ‘बोलेह फोतो?’ विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. नाही म्हणाली तर हसून पुढे व्हा.

निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघालात तर दुपारपर्यंत योग्याकार्ताची व्हॅन मिळते. व्हॅनची जागा आदल्या संध्याकाळी घरमालकाकडून फोन करवून राखून घ्या. कारिकाच्या बाटल्या घ्यायच्या तर गावातल्या घरांतूनच घ्या, आणि विमानात त्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत चालत नाहीत. दिएंगहून खाली उतरताना मायक्रोबसमध्ये डावीकडची खिडकी धरा. सिंदोरो त्याच बाजूला दिसतो.